बाराचं ॲव्हरेज

दिलावर कुवेतहून महाडला परतला तोच एक हट्ट घेऊन. तिकडे शेठची जी लांबलचक सेडान चालवली, तीच आता आपल्या दारात उभी करायची. २००४ सालची जुनी मिळाली, ती त्याने घेतली. रुबाब मोठा, पण पेट्रोल ढोसायची. लिटरला जेमतेम नऊ.

नऊवरही भागलं असतं. पण मेहुणा अर्शदने तेच मॉडेल घेतलं, चार वर्षांनंतरचं, आणि जेवायला आला की भाकरी मोडता मोडता सांगायचा, आमची बारा देते. दिलावरचा घास तिथेच अडकायचा. मेकॅनिक श्रीपतने समजावलं, मधल्या सालात इंजिन बदललं, नाव तेच असलं तरी आतला माल वेगळा आहे. ते याला पटेना. त्याला वाटे, खोट आपल्या चालवण्यातच आहे, आणि जन्मभर ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला याहून झोंबणारं काय असणार? प्लग बदलले, एसी बंद ठेवला, वजन नको म्हणून डिकीतली स्टेपनी काढून पलंगाखाली सरकवली. तेव्हा मात्र बायको सलमा वैतागली; ही विका, लहान गाडी घ्या म्हणाली. आणि हा बोलून बसला, महाबळेश्वरच्या फेरीत बारा पडलं नाही तर विकतो.

जाताना चढानेच सगळ्यावर पाणी फिरवलं. म्हणून परतीला, आंबेनळी घाटाच्या उतारावर, त्याने गाडी न्यूट्रलला टाकली आणि इंजिन बंद केलं. आपल्याकडचे बरेच शहाणे हे करतात, वर चारचौघांत सांगतातही. गाडी आवाज न करता सुटली. शेजारी सलमा बसली होती, मागे त्यांची सहा वर्षांची लेक अलीशबा गाणं म्हणत होती. दिलावरच्या डोक्यात आकडे फिरत होते. एका वळणावर ब्रेक दगडासारखा कडक लागला, स्टेअरिंग जड झालं. इंजिन बंद असलं की ब्रेकचा जोर जातो, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? हँडब्रेक खेचत त्याने गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. पत्रा खरवडला. कुणाला लागलं नाही. गाणं मात्र थांबलं.

मागच्या पिकअपवाल्यांनी गाडी उचलून रस्त्यावर ठेवली. दिलावरने दार उघडून धरलं. सलमा बसली नाही.

"इंजिन तुमीच बंद केलंत ना?"

"बारा पडावं म्हणून," तो म्हणाला.

"मग तुमचं बारा तुमी घरी न्या. पोरगी मी नेते."

लेकीचं बोट धरून ती घाटाखालच्या कापडे गावाकडे उतरू लागली. दिलावर इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्या मागे सरकत राहिला. त्याला भयंकर लाज वाटत होती. अलीशबाने एकदा मागे वळून पाहिलं. त्याने काचेतून हात हलवला. पोरीने आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पुन्हा मागे पाहिलं नाही.