कासमाली-अगायची चाळीस हाडं

कासमालीला आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. एक, तरुणपणी कुणाच्या तरी लग्नातल्या कुस्तीत जिंकलेला मेंढा, आणि दुसरी, चामड्याच्या पिशवीतली चाळीस हाडं. मेंढा त्याच संध्याकाळी शिजला. हाडं मात्र बेचाळीस वर्षं टिकली.

मेंढीच्या घोट्याची ही चिमुकली हाडं म्हणजे चुको. इस्सिक-कूल सरोवराच्या काठावरचं प्रत्येक पोर ती खिशात घेऊन हिंडतं आणि त्यांच्यापायी भांडणं करतं. कासमालीने त्यांना कामाला लावलं. गुडघा निखळल्यावर कुस्ती सुटली आणि त्याला सरोवराकाठच्या मुलांच्या आरोग्यधामात कसरतीचा मास्तर म्हणून चिकटवण्यात आलं. तेव्हा पोलिओची साथ नुकतीच सरली होती. डोंगरातून, दऱ्याखोऱ्यांतून मुलं येत होती. कुणी बापाच्या पाठीवर, कुणी मालाच्या ट्रकमधून. काडीसारखे पाय, त्यांना चामड्याचे पट्टे आणि लोखंडी कॅलिपर. दिवसभर कसरतीच्या दालनात नुसता खडखडाट चाले.

त्याच्याजवळ कसरतीचं पुस्तक होतं, पण त्याने ते फारसं उघडलं नाही. त्याची पद्धत सरळ होती. मुलाच्या डाव्या हाताला हाडांची पिशवी ठेवायची, उजव्या हाताला रिकामा वाडगा. पाय एकदा उचलला की एक हाड वाडग्यात टाकायचं. चाळीस टाकल्याशिवाय चहा नाही. चाळीसच का, हे कुणी विचारलं नाही, कारण किरगिझ माणसाला ते सांगावं लागत नाही. बाळ जन्मल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याला अंघोळ घालतात, माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी जेवण घालतात. महाकाव्यातले वीर, तेही चाळीस. एकोणचाळिसावर थांबणारा तो कसला माणूस? मूल रडकुंडीला आलं की कासमाली त्याच्यासमोर उकिडवा बसे आणि खालच्या आवाजात म्हणे, "अजून एक, कोकरा. अजून एक."

मुलं त्याला अगाय म्हणत, म्हणजे गुरुजी. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या मुलांत त्याची सगळ्यात लाडकी होती झूराकान. त्रेसष्ट सालच्या वसंतात नारीनकडच्या एका मेंढपाळाने तिला आणलं. आठ वर्षांची पोर, उजवा पाय लुळा, जबडा घट्ट मिटलेला. बाप म्हणाला, "मास्तर, ही घोड्यावर बसते, माझ्याहून चांगली बसते. जमिनीवर मात्र उभी राहत नाही."

"राहील," कासमाली म्हणाला.

"कधी?"

"मला नका विचारू. हिला विचारा."

झूराकानने दोघांकडेही रागाने पाहिलं आणि पिशवी ओढून घेतली.

तिला चार वर्षं लागली. तो दिवस कासमालीला अजूनही खडानखडा आठवे. जवसाच्या तेलाने पुसलेली फरशी, खिडकीतून आत आलेलं ऊन, बाहेर खुंटाला बांधलेला तिच्या बापाचा करडा घोडा. घोडा पाहायला ती आधाराच्या दांड्या सोडून खिडकीपर्यंत गेली. बारा पावलं. खिडकीची चौकट धरून तिने मागे वळून पाहिलं, तर अगाय तोंड फिरवून नाक शिंकरत होता.

मग लस गावोगाव पोचली, नवी मुलं यायची थांबली. पुढे देशही बदलला. अर्ध्या आरोग्यधामाला कुलूप लागलं, अर्ध्यात पेन्शनर गुडघ्यांना चिखल लावून घ्यायला येऊ लागले. पासष्टीचा कासमाली तिथेच राहिला. दुपारी रिकाम्या दालनात बसून तो त्या खडखडाटाची आठवण काढी. लोकांना शांतता आवडते. त्याला ती खायला उठे.

आणि दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये, झाडांखाली जर्दाळूंचा सडा पडलेला असताना, दारात झूराकान उभी राहिली. पन्नास वर्षांची, डोक्याला रुमाल, हातात काठी.

"ओळखलंत का, अगाय?"

"काठी ओळखली नाही," तो म्हणाला. "ती कुठून आणलीस?"

ती हसली, पण काठी लपवली नाही. गावच्या शाळेत ती गणित शिकवत होती. वरच्या इयत्ता वरच्या मजल्यावर, मध्ये बावीस पायऱ्या. दोन वर्षांपासून पाय ऐकेना. सकाळी ठीक असे, दुपारी मेणासारखा होई. आता तर चांगला पायही कुरकुरू लागला होता. मुख्याध्यापक म्हणत होते, खालचा पहिलीचा वर्ग घ्या.

"पहिलीला काय शिकवू? एक ते दहा?" ती म्हणाली. "एक सप्टेंबरला शाळा उघडते. तीन आठवडे आहेत. मला त्या पायऱ्या चढता आल्या पाहिजेत. पिशवी आहे ना अजून?"

पिशवी होती. कासमालीला वाटलं, आपलं वय वीस वर्षांनी उतरलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी कंबर कसली. सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस, घोट्याला वाळूची थैली. पहिले चार दिवस मजेत गेले. सातव्या दिवशी झूराकान दालनातून निघताना भिंत धरून चालली. दहाव्या दिवशी ती जेवायला खाली आली नाही, ताट खोलीत मागवलं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात असं ती म्हणाली. कासमालीने ते सगळं पाहिलं, ऐकलं आणि उलटं वाचलं.

"शाळेच्या खुर्चीने तुला मऊ केलंय," तो म्हणाला. "अजून एक, कोकरा."

तिने तो अजून एक केला. तिने कधी नाही म्हटलंच नव्हतं.

बाराव्या दिवशी बिश्केकहून डॉक्टर बेगिमाय आली. बत्तीस वर्षांची, चटपटीत. काठावरच्या सगळ्या कसरत-मास्तरांना तिने एका खोलीत बसवलं. सातजण होते, बहुतेक तरुण.

"पोलिओ झालेला माणूस तुमच्यापैकी कुणी हाताळलाय?" तिने विचारलं.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एक मुलगी म्हणाली, "डॉक्टर, तो आजार संपला ना?"

"आजार संपला. झालेली माणसं कुठे संपली?"

कासमालीने हात वर केला. त्याला विचारायचीच खोटी होती. त्याने पिशवी काढली, टेबलावर हाडं ओतली आणि अर्धा तास बोलला. खडखडाट, कॅलिपर, करडा घोडा, बारा पावलं. तरुण मंडळी भान विसरून ऐकत होती. बेगिमायही ऐकत होती, पण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आणि आता ती मुलं कशी आहेत, अगाय?"

"एक इथेच आहे! चौदा नंबरच्या खोलीत. रोज दोनदा चाळीस." मग त्याने अभिमानाने जोडलं, "वाळूसकट."

बेगिमायने त्याला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. तेवढी रीत तिला होती. खोली रिकामी झाल्यावर ती त्याच्याजवळ बसली.

"पोलिओत पायाच्या बऱ्याचशा नसा मरतात. ज्या वाचतात त्या मेलेल्यांचंही काम अंगावर घेतात. म्हणून तुमची मुलं चालली. पण चाळीस वर्षं दुप्पट ओझं ओढून त्या नसा थकतात. आता त्यांना आणखी जुंपलं तर उरलेल्याही जातात. दुसऱ्या दिवशीही पाय दुखत असेल, गोळे येत असतील, तर ती कसरत नव्हे. ती झीज आहे."

"म्हणजे मी तेव्हाही..."

"तेव्हा ते लागत होतं. किती लागत होतं ते मला सांगता येणार नाही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

तिने खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल त्याला तिचा रागही आला आणि आदरही वाटला. तो बराच वेळ हाडं गोळा करत बसला. चाळीस हाडं उचलायला एवढा वेळ लागत नाही. त्याला एकामागून एक चेहरे आठवत होते: एर्मेक, बुब्बूश, ती तोतरी जुळी. कुठे असतील? कुठल्या जिन्याशी उभी असतील, कानात आपलाच आवाज घेऊन?

दुपारी त्याने झूराकानला जर्दाळूच्या झाडाखाली बोलावलं आणि चहा ओतला. पियाल्यात जेमतेम तीन घोट, मानाच्या पाहुण्याला ओततात तसा. मग त्याने सगळं सांगितलं, काही न वगळता.

ती पांढरी पडली. मग लाल झाली.

"माझ्या तीन बाळंतपणांत, अगाय, मला तुमचा आवाज ऐकू येत होता. नवरा गेला त्या हिवाळ्यात विहिरीवरून पाणी आणताना तुमचा आवाज यायचा. अजून एक, कोकरा. मी त्यावर जगले! आणि आता तुम्ही म्हणता थांब?"

"हो."

"त्या बिश्केकच्या पोरीचं ऐकून?"

"तिचं तू ऐकणार नाहीस, म्हणून मी म्हणतोय. तो आवाज मी घातलाय तुझ्या डोक्यात. तो मलाच काढायला हवा."

तिने चहा संपवून पियाला खाली आपटला. त्याने रिकाम्या पियाल्यात पुन्हा तीन घोट ओतले.

"पियाला काठोकाठ भरून कुणाला देतात?" त्याने विचारलं.

"ज्याला घालवून द्यायचंय त्याला."

"आणि ज्याने बसून राहावं असं वाटतं त्याला?"

तिने पियाल्याकडे पाहिलं. "थोडा. पुन्हा पुन्हा."

"मी तुझ्या पायाला आयुष्यभर काठोकाठ भरून देत आलो, पोरी."

झूराकान रडली. हमसून, लहान मुलीसारखी, जशी ती लहान असताना एकदाही रडली नव्हती. कासमालीने या वेळी तोंड फिरवलं नाही.

चार दिवस तिने नुसती विश्रांती घेतली. पाचव्या दिवशी वाळू न बांधता दालनात बसली, डावीकडे पिशवी, उजवीकडे वाडगा. एक, दोन, तीन. आठवं हाड पडलं तेव्हा तिच्या कपाळावर घामही नव्हता. हात सवयीने नवव्याकडे गेला.

"बस," कासमाली म्हणाला.

त्या दालनात हा शब्द त्याने पहिल्यांदा उच्चारला. त्याच्या जिभेला तो परका वाटला.

जाताना त्याने तिला आठ हाडं दिली आणि बत्तीस स्वतःजवळ ठेवली. जुनी मुलं शोधायला बेगिमायला जुनी रजिस्टरं उघडून दिली. एर्मेकचा पत्ता सापडला, बुब्बूशचा नाही सापडला.

एक सप्टेंबरच्या दुपारी आरोग्यधामाच्या कचेरीत फोन वाजला.

"अगाय, मी खालच्या वर्गात आहे," झूराकान म्हणाली. "खुर्चीवर बसून एक ते दहा शिकवतेय. वैताग आहे नुसता."

"आणि पाय?"

"दुपार झाली तरी माझाच आहे. सकाळी आठ हाडं झाली की तुमचा आवाज येतो."

कासमालीने फोन दोन्ही हातांनी धरला. "काय म्हणतो?"

"बस म्हणतो. बस, कोकरा."