प्लगवरची काजळी

नातवंडांनो, तुमचे बाबा गाडी विकायचं म्हणताहेत, म्हणून हे आजच लिहिते.

नजर अधू झाल्यापासून आजोबा रोज सकाळी गाडी नुसती सुरू करून आत बसतात. आज ती सुरूच होईना. मेकॅनिक म्हणाला, "काका, जागच्या जागी चालवून प्लगवर काजळी धरलीय. ठिणगी पडली नाही तर पेट्रोल पेटणार कसं? इंजिन नीट तापायला गाडी लांब न्यावी लागते."

"मी तर जपत होतो," आजोबा म्हणाले.

जपून ठेवलेल्या माणसांचंही असंच होत असावं. आम्ही दोघं शेवटचे फाटकाबाहेर कधी पडलो, आठवत नाही.

हल्ली फार दमते, तरी प्लग साफ झाल्यावर किल्ली मागून घेतली.

"क्लच हळू सोड," आजोबा शेजारी बसत म्हणाले, "गाडी आहे, शिलाई मशीन नव्हे."

माझं लायसन्स अजून चालू आहे.