दर चौरस सेंटीमीटरला

ये गं, सरक जवळ. दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? परवा फोनवर म्हणालीस, मावशी, कशाला वाद घातलास, सही करून मोकळी झाली असतीस. सख्ख्या बहिणीची लेक तू, तूही चार घरची कामं करतेस, आणि हे बोललीस. आता गप बस आणि ऐक.

लालबागच्या त्या टॉवरमध्ये, एकविसाव्या मजल्यावर, मला वजनकाट्यावर उभं केलं. हॉलमध्ये. मॅडमच्या चार मैत्रिणी सोफ्यावर बसलेल्या. मॅडमनी बाथरूममधला काचेचा काटा स्वतः आणून ठेवला. आवाज गोड. "मावशी, जरा उभ्या राहा ना यावर."

मी राहिले. दोन्ही हातांनी साडी वर धरून. एक्क्याऐंशी. मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला. एक मैत्रीण म्हणाली, "मग बिचारं फ्लोअरिंग काय करणार?" सगळ्या हसल्या. मीपण हसले. ते अजून टोचतं बघ.

नवी लाकडी फरशी बसवली होती. तिला खड्डे पडले. हरभऱ्याच्या डाळीएवढे, सोफ्याच्या आजूबाजूला. त्या घरात सगळ्यात जड बाई मी. फरशी रोज पुसणारीही मी. झालं, चोर सापडला.

मॅडम सोसायटीच्या कमिटीवर. गेटवरच्या मोबाईलमध्ये माझा फोटो आहे, नावापुढे हिरवं. मॅडमनी बटण दाबलं की लाल. मग वॉचमन आत सोडत नाही. त्या टॉवरमध्ये माझी तीन घरं. तिन्ही त्या एका बटणाखाली.

दुसऱ्या दिवसापासून मी चवड्यांवर चालू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. भीतीनं सांगितलं. पोळ्या करताना चवड्यांवर, बादली उचलून चवड्यांवर. आठ दिवस. बोटं सुजली. पाऊल टेकवताना श्वास धरायचे. पुसताना रोज खड्डे मोजायचे, वाढले का म्हणून.

घरी नातीनं पाय बघितले. नववीत आहे ती, विहारातल्या अभ्यासिकेत बसते. मी शाळेत गेले नाही, तिच्याच पुस्तकांवर बोट फिरवत वाचायला शिकले, हे तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "आजी, चवड्यांवर चालून भार कमी नाही होत. वाढतो."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करते. तिनं आलेखाचा कागद जमिनीवर पसरला, माझं पाऊल ठेवलं, कडेनं पेन्सिल फिरवली. आणि आम्ही दोघी चौकोन मोजत बसलो. एकेक सेंटीमीटरचा चौकोन. पुरं पाऊल, एकशे वीस. नुसता चवडा, चाळीस. वजन भागिले जागा. पाऊल पुरं टेकलं तर एका चौकोनाच्या वाट्याला पाऊण किलोही येत नाही. चवड्यावर दोन किलो. म्हणजे घाबरून जपून चालत होते, आणि फरशीवर तिप्पट दाब देत होते. घ्या.

मग मला त्या मैत्रिणींच्या सँडल आठवल्या. घरातल्या पार्टीला त्या कुणी काढत नाही. टाचेचं टोक पेन्सिलीएवढं. एक चौकोन. पन्नास किलोची बारीक बाई टाच टेकवते, तेव्हा जवळजवळ सगळे पन्नास किलो त्या एका चौकोनावर.

सोमवारी मॅडमनी टाइप केलेला कागद पुढे ठेवला. माझ्या निष्काळजीपणामुळे फरशीचं नुकसान झालं. खाली सही करा, कमिटीला द्यायचाय. मी त्याच्यावर आलेखाचा कागद ठेवला. म्हटलं, "मॅडम, काटा नुसते किलो सांगतो. किती जागेवर, ते सांगत नाही."

"मावशी, आता तुम्ही मला फिजिक्स शिकवणार?"

साहेब इंजिनियर. त्यांनी कागद उचलला. चौकोन बघितले. मग चपलांच्या कपाटाकडे बघितलं. त्यांना कळलं गं. तोंडावर दिसलं मला. आणि म्हणाले, "जाऊ दे, सोडून दे त्यांना."

सोडून दे. म्हणजे गुन्हा माझा आणि मोठं मन त्यांचं.

तीन घरं डोळ्यांपुढे फिरत होती. पण सहीच्या जागी मी लिहिलं, 'चूक माझी नाही.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट. आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी वॉचमननं हात आडवा घातला. "मावशी, लाल दिसतंय." त्याचीही मान खाली.

आता येत्या सोमवारी कमिटीची बैठक आहे. बोलावलंय मला. सांगू? भीती वाटते. दहा माणसं खुर्च्यांवर, मी उभी. पण जाणार. काट्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही. माफी मागणार नाही. चूक माझी नव्हती, हे त्यांनी लिहून द्यायचं. नाही दिलं, तर दर सोमवारी गेटवर उभी राहून मागणार. तिथं उभं राहायला बटण लागत नाही.

तू रविवारीच ये. चिंचपोकळीला उतर, चालत ये, मुक्कामाला ये. सोमवारी गेटपर्यंत सोबत चल. आत मी एकटी जाईन.