निवण्याआधी मोजलेलं दूध

मशीनमधून निघालेल्या पट्टीवर ‘पाणी ९ टक्के’ असं छापलं होतं. मी ते रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं.

निरवांगीच्या बाजूचं दूध संकलन केंद्र. सोमवार, सकाळचे साडेसहा. मी एका डेअरीत क्वालिटी ऑफिसर आहे. ऑफिस बारामतीला. अधूनमधून न सांगता इंदापूर तालुक्यातल्या केंद्रांवर जायचं आणि आलेलं दूध तपासायचं, हे माझं काम. त्या दिवशी ज्या बाईचं दूध मशीनवर होतं, ती सुमन. पस्तिशीची, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, एक गाय सांभाळून राहणारी. ती आमच्याच मंडळीतली, म्हणजे आम्ही एकाच चर्चचे. रविवारी एसटीनं बारामतीला उपासनेला यायची आणि मागच्या बाकावर बसायची. मी मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी.

खरं सांगायचं तर तिच्याबद्दल माझं मत आधीच झालेलं होतं. नवरा सोडून आली म्हणजे हिचंच काहीतरी असणार. तिला कधी विचारलं नव्हतं. संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवायची इच्छा तिनं कमिटीला कळवली, तेव्हा मला तो आगाऊपणा वाटला होता. अर्ज माझ्याकडंच पडून होता.

त्या सकाळी ती रांगेत शेवटी उभी होती. मी तिला पुढं बोलावलं. साहेबानं आपल्या मंडळीतल्या बाईला सोडलं, असं कुणी म्हणायला नको होतं मला. केंद्र चालवणारे दिनकरतात्या सातवी शिकलेले. मी नोकरीला लागायच्या आधीपासून ते दूध मोजतायत. ते हळूच म्हणाले, “साहेब, तिचं आपण शेवटी घेतो. घर हितं भिंतीला लागून हाय. धार काढली की पाच मिन्टात येती. जरा निवू द्या.”

“तात्या, मशीन मला शिकवू नका,” मी म्हणालो.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. वडील लोकांच्या विहिरी खोदायचे, मी बी.एस्सी. केमिस्ट्री. हे मी ओळख झाल्याबरोबर सांगतो आणि सांगायला मला आवडतं. सातवीवाल्यानं मला चारचौघांत थांबवावं, हे काही मला पचलं नाही.

तात्या काय सांगत होते ते इथं समजावतो. हे मशीन दुधातून आवाजाच्या लहरी सोडून त्यात काय काय आहे ते ठरवतं. धार नुकतीच काढलेली असली की दूध कोमट असतं, त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात. मशीन फसतं आणि नसलेलं पाणी दाखवतं. दूध निवलं, फेस बसला की आकडा बरोबर येतो. हे मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. केंद्रावरच्या लोकांना ट्रेनिंगमध्ये हे मीच सांगतो.

सुमन एकदाच म्हणाली, “मी पाणी घातलं न्हाय.” रांगेतनं कुणीतरी बोललं, “रविवारी प्रार्थना, सोमवारी पाणी.” हशा झाला. मी सॅम्पल सील केलं, रिपोर्ट येईपर्यंत तिचं दूध घालायचं कार्ड बंद केलं आणि दूध परत दिलं. किटली उचलून ती सगळ्या रांगेसमोरून घरी गेली.

दुपारी मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला. ही बाई मुलांना शिकवायच्या लायकीची नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, रिपोर्ट तर येऊ द्या. मी थांबलो नाही. कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळा प्रकार लिहून टाकला.

बुधवारी लॅबचा रिपोर्ट आला. तिथं दूध गोठवून बघतात. निर्भेळ दूध शून्याच्या थोडं खाली गोठतं, पाणी घातलं की ते शून्याकडं सरकतं. त्यात फेसाबिसाचा प्रश्न नसतो. सुमनच्या दुधात पाण्याचा थेंब नव्हता.

मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो.

“कार्ड चालू करा. विषय संपला.”

“सर, रांगेत सांगायला पाहिजे.”

“आणि उद्यापासून प्रत्येक जण भांडायला येणार. डेअरीचं नाव घ्यायचं नाही.”

“माझं घेतो.”

“ते तुमचं तुम्ही बघा.”

एवढं बोललो खरा, पण अंगात धाडस नव्हतं. पाळकसाहेबांना म्हणालो, तुम्हीच तिला सांगितलंत तर बरं होईल. ते म्हणाले, “मी कशाला? पट्टी काय मी वाचली होती?”

गुरुवारी सकाळी केंद्रावर गेलो. सोमवारच्या रांगेतली निम्मी माणसं आलीच नव्हती, हे तिथं गेल्यावर लक्षात आलं. होती तेवढ्यांना सांगितलं, की दूध चोख होतं, तात्यांनी मला थांबवलं होतं, चूक माझी. एक जण मोबाइलमध्ये बघत होता. तात्यांनी नुसती मान हलवली. शेवटी सुमन आली. तिच्यासमोर मी सगळं पुन्हा बोललो.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “साहेब, तुमी पट्टी वाचली त्याचं मला काय न्हाय. त्यात आलं ते वाचलं. पर तो माणूस बोलला, तवा तुमी हसला.”

हे मी वर लिहिलं नाही. हशा झाला एवढंच लिहिलं. त्यात मीही होतो. प्रभूच्या नावानं रोज प्रार्थना करणारा माणूस, त्याच प्रार्थनेवरून एका बाईची टर उडवली गेली तेव्हा मोठ्यानं हसला. आणि आत्ता लिहितानासुद्धा मी ते गाळून पुढं गेलो होतो.

मशीन फसलं होतं म्हणून हसलो, असं म्हणता येत नाही. मी माफी मागितली, ह्या वेळी मशीनचं नाव न घेता. ती “बरं” म्हणाली आणि किटली तात्यांच्या पुढं ठेवली.

ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायची वेळ निघून गेली होती. खाली दुसरा लिहिला. पहिल्यावर लगेच चर्चा रंगली होती, दुसऱ्याला दोन अंगठे आले.

सुमनचा अर्ज मी त्याच आठवड्यात कमिटीपुढं ठेवला, मंजूरही झाला. पण आता तिनंच नको म्हणून सांगितलं. चार महिन्यांनी हो म्हणाली. ती नवऱ्याला का सोडून आली ते मला अजून माहीत नाही. ते मला माहीत असायची गरज नव्हती, एवढं समजायला मला डिग्रीनंतर बरीच वर्षं लागली.

पूर्वी माझी प्रार्थना म्हणजे देवाला दिलेला कामाचा रिपोर्टच असायचा. आता पापकबुलीच्या वेळी शांत बसतो तेव्हा सांगायला पुष्कळ असतं. कमिटीत कुणाबद्दल विषय निघाला की मी एकच विचारतो, ह्या माणसाशी आपल्यापैकी कोण बोललंय? बहुतेक वेळा कुणीच बोललेलं नसतं. मग तसं बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहायचं, कुणीतरी बोलेपर्यंत तो विषय थांबवायचा आणि पुढचा घ्यायचा.