लिटरला साठ

सांगायला लाज वाटते, पण आमच्या सासऱ्यांकडनं तुमच्या कानावर येण्याआधी मीच सांगून टाकलेलं बरं. मी एका परक्या माणसाची मोटारसायकल अकरा दिवस चालवली, आणि वर तिच्या जिवावर लोकांना अक्कल शिकवली.

त्याचं झालं असं. मी राहतो उस्मानपुऱ्यात, नोकरी लांब वाळूजच्या एका कंपनीत. रोज कारनं जायचो, एकटा. शेवटी सुनीता, म्हणजे आमची बायको, म्हणाली की तुम्ही पगार आणायला जाता का पंपावर भरायला? तिचे वडील, तात्या, सोयगावला शेती करतात. त्यांनी नवी गाडी घेतली होती आणि जुनी काळी मोटारसायकल गोठ्याशेजारी उभी होती. ती मी घेऊन आलो.

गाडी चालायची, पण पेट्रोल लई प्यायची. किलोमीटरचे आकडे तर कधीचेच बंद. मग मी अभ्यासच सुरू केला. चाळिसाच्या वर न्यायची नाही. सिग्नलला बंद करायची. जेवणाचा डबासुद्धा स्टीलचा सोडून प्लास्टिकचा केला, वजन नको म्हणून. गल्लीतल्या मिस्त्रीकडून कार्ब्युरेटर साफ करून घेतला. तो म्हणाला, दोन-चार दिवसांत फरक दिसेल.

आणि दिसला की हो! त्याच शनिवारी सुनीताच्या ब्लाउजला अस्तर आणायला गुलमंडीत गेलो होतो. परत येऊन गाडीला किल्ली लावली. जरा अडकली, मग फिरली, आणि पहिल्याच किकला गाडी सुरू. येताना पेट्रोलचा काटा तळाला होता, तो आता अर्ध्यावर. बंद पडलेले आकडेही फिरायला लागले.

तुम्ही म्हणाल, शंका कशी नाही आली? वाईट झालं की शंका येते हो. चांगलं झालं तर माणूस म्हणतो, माझी हुशारी. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडं जाऊन म्हणालो, आकडेही चालू केलेस, बोलला नाहीस. त्यानं वाकून आकडे बघितले. मग म्हणाला, "साहेब, आपण काम करतो, बोलत नाही."

पुढचा आठवडाभर कंपनीच्या कँटीनमध्ये माझी व्याख्यानं झाली. लिटरला साठ! लोक मला ॲव्हरेज सर म्हणायला लागले. आमच्या सुपरवायझरनंही प्लास्टिकचा डबा घेतला, आणि शेजारच्या टेबलावरच्या पाटलांनी माझं ऐकून कार विकायला काढली.

अकराव्या दिवशी तात्या आले. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं होतं, त्यांना अलीकडं अंधूक दिसायचं. संध्याकाळी मी कामावरून आलो तर ते फाटकातच उभे. मी मोठ्या थाटात गाडी स्टँडला लावली. तात्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"जावईबापू, ही माझी गाडी नाय."

मी हसलो. म्हटलं, "तात्या, मिस्त्रीनं चकाचक केलीय, म्हणून ओळखू येईना."

"माझ्या गाडीचा डावा इंडिकेटर म्हशीनं मोडला व्हता. हा आख्खा हाय."

"मिस्त्रीनं बसवला असेल."

"आन नंबर बी मिस्त्रीनंच बदलला व्हय?"

मी पाटीकडं बघितलं. अकरा दिवसांत पहिल्यांदाच. सुनीता दारात उभी होती. ती आत गेली आणि तिनं चहा टाकला. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणजे अकरा दिवस मी चोरीच्या गाडीवर पोलीस चौकीसमोरनं जात होतो, तेही चाळिसाच्या वेगानं. आता नोकरी जाते की अब्रू, एवढंच डोक्यात. तात्या मात्र शांतपणे मागं बसले. म्हणाले, जिथनं उचलली तिथंच नेऊ.

गुलमंडीत त्याच जागेवर तात्यांची गाडी उभी होती, मोडक्या इंडिकेटरसकट. समोर बटणं आणि लेसचं दुकान. स्टुलावर बसलेले मालक आम्हाला बघून उठले आणि त्यांनी आधी आपल्या गाडीच्या सीटवर हात फिरवला. रफिकभाई त्यांचं नाव. मी हात जोडले.

"आओ, बैठो," ते म्हणाले. "मेरेको मालूम था, एक दिन आते बोलके."

त्यांनी चहा मागवला आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी ते चौकीत जायला निघालेच होते. मग त्यांच्या मनात आलं, चोर कधी बदल्यात स्वतःची गाडी ठेवून जातो का? हा कुणीतरी विसरभोळा दिसतोय. तेव्हापासून ते घरी पायी जायचे, कारण आमची गाडी त्यांच्या किकला दाद देत नव्हती. रात्री ती बोळात ढकलून ठेवायची, सकाळी परत त्याच जागी, म्हणजे मला सापडावी.

इतका भला माणूस! माझा जीव भांड्यात पडला, आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "भाई, गाडी लई जपून चालवली बरं का. लिटरला साठ काढली."

रफिकभाईंनी कप खाली ठेवला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला.

"साठ? मेरे पास तो सत्तर देती थी. क्या कर डाला तुमने इसको?"