सिस्टरवर उचललेला हात

ती घटना आजही आठवली की माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांचं सांगताना कधी अडखळलो नाही. ही तर एका थपडेची केस. तरीही ही सांगायला बसलो की अडखळतो.

पलूस भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच सरकारी दवाखान्यातून फोन आला. ओपीडीत एक माणूस ड्यूटीवरच्या सिस्टरच्या कानफटात मारून निघून गेला होता. डॉक्टर तेव्हा बाळंतपणाच्या खोलीत होते. त्यांच्या फिर्यादीवरून अनोळखी इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यावर हात उचलणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे, हे लोकांच्या गावीही नसतं.

पंचनाम्याला गेलो. कॅमेरा बंद. ओपीडी माणसांनी भरलेली, पण ज्याला विचारावं तो म्हणे, "गर्दी लय हुती साहेब, काय दिसलं न्हाई." माझं डोकंच फिरलं. एरवी बांधावरच्या भांडणात न बोलावता साक्ष द्यायला येणारी ही माणसं! मग सिस्टरचा जबाब घेतला. पंचविशीची पोर, गालावर बोटं उमटलेली. तीही म्हणाली, "चेहरा लक्षात नाही, सर." लक्षात होता. बोलताना तिची नजर सारखी वॉर्डाच्या दाराकडं जात होती.

त्याच वॉर्डातून निरोप आला की एक आजी साहेबांना बोलावतायत. दम्याची पेशंट, नाकाला ऑक्सिजन. मी स्टूल ओढून बसलो.

"आवं साहेब, त्या पोरीला नका खोदून इचारू," ती म्हणाली. "माज्या मालकांनीच मारलं तिला. मला धाप लागलीवती. ह्ये म्हनालं, सलाईन लाव. ती म्हनाली, काका, सलाईन डॉक्टरास्नी इचारून, तवर वाफ देते. तेवढ्यावर हात उचलला ह्यांनी. अन् त्याच पोरीनं डोळं पुसून मला वाफ दिली, साहेब. मी म्हनलं, सांग जा त्येंचं नाव. तर म्हनती, आजी, तुमी आधी बऱ्या व्हा."

मी मालकांचं नाव विचारलं. तिनं सांगितलं आणि मी स्टुलावरून उठलोच.

साताऱ्याकडं मी नवा फौजदार होतो तेव्हा हेच माझे हवालदार. पंचनामा कसा लिहायचा, संशयिताला कसं बोलतं करायचं, सगळं त्यांनी शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या माहेरी येऊन शेती करत होते.

निरोप धाडल्यावर ठाण्यात आले ते सवयीनं माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले. "च्या सांगा की साहेब."

"हवालदार, सिस्टरवर हात टाकला तुम्ही?"

"एक ठिवून दिली. तुमच्या वयनीचा जीव चाललावता अन् ती आमाला नियम शिकवती! सलाईन न्हाई तर दवाखाना कसला त्यो? म्हटलं, पोलीस खात्यात जन्म गेलाय माजा, तुज्यासारख्या लय बगितल्या. तवा कुटं ओपीडी गप झाली."

अरे देवा! ओपीडी गप झाली होती ती अजून गपच होती. साक्षीदार का मिळत नव्हता ते मला तेव्हा कळलं. लोक भ्याले होते ते आम्हाला.

"त्या पोरीचं काय चुकलं होतं?" मी विचारलं.

"आपन असंच बोलत आलोय की, साहेब," ते म्हणाले. दारातला शिपाई बुटांकडं बघायला लागला. मी अटकेची कार्यवाही करायला सांगितली.

अटक झाली की आरोपीची वैद्यकीय तपासणी करावीच लागते. जवळचा सरकारी दवाखाना तोच, आणि ड्यूटीला तीच सिस्टर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "दुसऱ्या सिस्टर येईपर्यंत थांबतो आम्ही."

"कशाला सर? तपासायलाच आलेत ना ते?" तिनं बीपीचा पट्टा घेतला. "बसा काका. हात सैल सोडा."

काकांना हात सैल सोडता येईना. तिनं पट्टा बांधला, मोजलं, परत मोजलं. "बीपी वाढलंय. पाणी घ्या, जरा वेळानं बघू. आजींची धाप कमी झालीय, काळजी करू नका."

मला पंचनामा शिकवलेला तो माणूस ग्लास हातात धरून रडला. "चुकलो, सिस्टर," म्हणाला. तिनं मान हलवली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

मी केस मिटू दिली नाही. तिनं पुरवणी जबाबात खरं नाव सांगितलं, मी दोषारोपपत्र पाठवलं. आपलं माणूस आजारी पडलं की जीव थाऱ्यावर नसतो, मान्य आहे. पण समोरची पोर त्याच माणसासाठी धावत असते. तिला 'सिस्टर, जरा बघता का' म्हणायला आपलं काय जातं? आणि खाकी घातलेल्यानं तर हे आधी शिकायला हवं. आमच्या तोंडात अरेतुरे इतकं मुरतं, की वर्दी उतरली तरी ते उतरत नाही.

मध्यंतरी सांगलीत माझं ऑपरेशन झालं. बीपी बघायला आलेल्या सिस्टरनं हसून विचारलं, "बाबा, नोकरी कुठं केली?" एरवी हे सांगताना माझी छाती फुगते. त्या दिवशी ओठावर आलेला 'पोलीस' हा शब्द गिळला.

"सरकारी नोकरीत होतो, सिस्टर," म्हटलं आणि हात सैल सोडला.