भीमसेनरावांचा चिमटा

भीमसेनराव बसलेले दिसले की समजावं, त्यांना ताप आलाय. एरवी हा माणूस उभा. जेवताना दोनदा उठणार, फोनवर बोलता बोलता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणार, चहाचा पेला एका खिडकीत ठेवणार आणि दुसऱ्या खिडकीत शोधणार. त्यांच्याकडे पाहून मलाच दम लागतो.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, देविका. मूळची सांगलीची, नोकरी ओरगडमच्या एका कारखान्यात. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या या गल्लीत खाली पुढे त्यांचं दुकान, मागे घर, घरात ते आणि त्यांच्या पत्नी राजसबाई. घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. मी खोली बघायला आले तेव्हा भीमसेनराव म्हणाले, "तुम्हीं मराठी अहांत की? सेरी, बरं झालं, मग विचारायचं काय, आजच या." मला वाटलं, म्हातारा जुन्या नाटकातलं बोलून माझी चेष्टा करतोय. रागच आला होता. महिन्याभराने कळलं की ते बायकोशीही तसंच बोलतात.

त्यांचा धंदा गाडीच्या पंख्यांचा. डॅशबोर्डच्या मागे एक पंखा असतो, तोच थंड हवा फेकतो आणि तोच गरम. चेन्नईत त्याला सगळे ब्लोअर म्हणतात. भीमसेनराव म्हणतात 'हीटर फॅन', कारण ज्या पुस्तकावरून ते शिकले त्यात तसं छापलं होतं. गिऱ्हाईक हसतं. त्यांना फरक पडत नाही. पंखा चालू करायचा, डोळे मिटायचे, कान लावायचा. बुश गेला असेल तर एक आवाज, कार्बन झिजला असेल तर दुसरा, आत पानं अडकली असतील तर तिसरा. पानं काढून हातावर घेतात आणि गाडी कुठे उभी राहते ते सांगतात. कडुलिंबाचा पाला निघाला की समोरच्या माणसाला विचारणार, "घराला कडुलिंब आहे, नाहीं?" माणूस चकित. मग हे तीन दिवस त्याच आनंदात.

यंदा डिसेंबरात मात्र आनंद बाजूला राहिला. त्यांची एकुलती मुलगी जननी डोंगरावरच्या थंड कुन्नूरला शाळेत शिकवायला निघाली होती. जावई कुशल नाशिकचा, घरून संगणकावर काम करणारा, त्यामुळे त्याला कुठेही चालणार होतं. प्रश्न सात महिन्यांच्या नातीचा होता. चेन्नईत जन्मलेलं पोर, त्याने थंडी म्हणून काही पाहिलेलंच नाही. भीमसेनरावांनी ठरवलं की खोली गरम करायचा पंखा आपण निवडायचा. आणि घर डोक्यावर घेतलं.

पाच हीटर आणले. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, त्या दमट उकाड्यात, पाचही एकेक करून लावले. इंग्रजी कागद वाचायला मला बोलावलं. घामाने मी निथळत होते आणि हे गृहस्थ जमिनीशी वाकून हीटरच्या तोंडाशी तळहात धरून होते. एकावर दोन हजार वॉट लिहिलं होतं. यांनी वायरीला मीटर लावला आणि म्हणाले, "खोटं बोलतो. सोळाशेच्या वर जात नाहीं." दुसऱ्याची तार लाल झाली, कारण त्याचा पंखा इतका सुस्त की वारा तिथपर्यंत पोचेना. तिसरा मुद्दाम आडवा पाडला, तर तो पडल्या पडल्याही चालूच. त्याला त्यांनी चक्क शिवी दिली. "पोर रांगेल, पाडेल, आणि हा जळत राहील?" चौथ्याला प्लास्टिकचा वास. पाचवा दिसायला अगदी कुरूप, पत्र्याचा, करड्या रंगाचा. पण पाडला की बंद, गरम झाला की टक्‌ करून बंद, आणि अर्ध्या तासाने प्लग हाताला जेमतेम कोमट. तो घेतला. मग जननीला समोर उभं करून सूचना सुरू झाल्या. एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचा नाही. सोळा अँपिअरचाच पॉइंट. पडद्यापासून तीन हात लांब. पोरीच्या तोंडावर वारा नको. झोपताना बंद.

"अप्पा, कळलं," जननी म्हणाली.

"कळलं म्हणून सांगू नको, परत सांग."

तिने परत सांगितलं. बिचारी आमच्या गणिताच्या बाईंसमोर उभी राहिल्यासारखी दिसत होती.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिची गाडीही तपासली. टायर, ब्रेक, आणि अर्थातच पंखा. एक, दोन, तीन, चार, सगळ्या वेगांवर कान लावून ऐकला. उत्तम. शनिवारी पहाटे ती तिघं निघाली. मी वरून हात हलवला आणि पुन्हा झोपले.

दुपारी दीडच्या सुमारास खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला. सुट्टी होती म्हणून मी घरीच होते. खाली धावले. एका गिऱ्हाइकाची गाडी बॉनेट उघडून उभी, आणि भीमसेनराव दुकानात खणासमोर. खण उपटून जमिनीवर आला होता. त्यांच्या हातात लोखंडी पट्टीचा एक चिमटा होता, बोटभर लांब, मधे एक बोल्ट.

"काय झालं?"

"जननीच्या गाडींत हा आहे," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. या गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी असाच चिमटा शोधायला खण ओढला आणि आठवलं. इंजिनाचं गरम पाणी एका रबरी पाइपातून डॅशबोर्डच्या मागे जातं, त्यानेच हीटर चालतो. चेन्नईत हीटर कुणी लावत नाही, पण त्या पाइपाच्या धगीने एसी थोडा कमी गार होतो. म्हणून इथले कारागीर काय करतात, तर पाइपाला बाहेरून चिमटा लावून पाणी अडवतात. एसी गार, गिऱ्हाईक खूश. दोन वर्षांमागे मे महिन्यात जननीने एसीची तक्रार केली होती, तेव्हा यांनी तेच केलं. पाच मिनिटांचं काम. विसरूनही गेले. काल पंख्याचे चारही वेग ऐकले, पण गरम-गार वाऱ्याची मूठ लाल बाजूला फिरवून पाहिली नाही. चेन्नईत ती मूठ लाल बाजूला फिरवतो कोण?

"मग थोडी थंडी वाजेल. पांघरुणं आहेत ना?" मी म्हटलं.

"थंडीचं नाहीं, अम्मा! काच!" ते जवळजवळ ओरडलेच. "घाटांत धुकं, आंत तीन माणसं, काच आंतून धूसर होणार. गरम वारा नाहीं तर पुसणार कशानं? वळणावर समोरचं दिसणार नाहीं."

मी खणातल्या पसाऱ्यातून त्यांचा फोन शोधून हातात दिला.

फोन लावला. जननीचा वाजत राहिला. कुशलचा बंद. पुन्हा लावला. गिऱ्हाईक विचारत होतं, माझ्या गाडीचं काय. भीमसेनरावांनी त्याचं बॉनेट धाडकन लावलं आणि त्याला सोमवारी यायला सांगितलं. मग जो काही प्रकार सुरू झाला, तो आठवला की अजून डोकं दुखतं. दुकान ते घर, घर ते गल्ली, गल्ली ते दुकान. राजसबाई देवापुढे बसल्या होत्या. त्यांना येऊन विचारलं, "फोन आला?" फोन यांच्याच हातात होता. जननीच्या नव्या शाळेत लावला, शनिवार दुपार, कुणी उचलला नाही. घाटाच्या पायथ्याशी, मेट्टुपाळयमला, एक ओळखीचा टायरवाला होता, त्याला रस्त्यावर उभं राहून गाडी अडवायला सांगितलं. तो म्हणाला, मी लग्नाला इरोडला आलोय. अडीच वाजता पायांत चपला घालून निघाले.

"कुठे?"

"स्टेशनवर. जी गाडी मिळंल ती."

"अहो, ती माणसं तासाभरात घाट चढतील आणि तुम्ही चेन्नईच्या बाहेरसुद्धा पडलेले नसाल! फोन लावत राहा. इथेच!" मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण असा आवाज चढवला की ते दारातच थांबले. थांबले म्हणजे फक्त पुढे गेले नाहीत. जागच्या जागी पाय चालूच होते.

पावणेचारला जननीने फोन उचलला. भीमसेनरावांनी स्पीकर लावला आणि राजसबाईंना हाक मारली.

"अप्पा, घाटांत बर्लियारला थांबलोंय," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "काच सारखी धूसर होतेय. कुशल पुसतोय, परत तेंच. एसी लावला तर पोर गारठतें. मघाशी एक लॉरी अगदीं जवळून गेली. समोर दिसलीच नाहीं आम्हांला."

राजसबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"हलूं नका," भीमसेनराव म्हणाले. "गाडी बंद. कुशलरावांना फोन दे. कोणीतरी... कोणी मेकॅनिकनं हीटरचा पाइप बंद केला असंल. मीं सांगतों तसं करा म्हणावं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आयुष्यभर या माणसाने हातांनी काम केलं. कुणाला शिकवायचं म्हटलं तर "सर, मीं करतों" म्हणून स्वतःच पुढे होणार. आता हात साडेपाचशे किलोमीटर लांब राहिले आणि जवळ उरलं फक्त तोंड, तेही तंजावरचं. पलीकडे नाशिकचा संगणकवाला, ज्याने आजवर पाना फक्त दुसऱ्याच्या हातात पाहिलेला. अर्धा तास इंजिन निवू दिलं. बॉनेट उघडलं. दोन रबरी पाइप सापडले. चिमटा सापडला. डिकीतला पाना काढला, तो बोल्टला बसला. कुशलने बोल्ट सैल केला आणि म्हणाला, "बाबा, चिमटा निघाला, पण पाइप तसाच चपटा राहिलाय."

"दोन वर्षं दाबलेला आहे. बोटांनीं दाबा, बाजूनं. हळूं. फुटला तर गाडी तिथंच राहील."

हे "हळूं" त्यांनी इतक्या हळू म्हटलं, जणू पाइप त्यांच्याच बोटांत होता. मग कुशल म्हणाला, "गोल झाला."

"गाडी चालूं करा. मूठ लाल बाजूला. पांच मिनिटं थांबा. मग सांगा, ऊन आलं की?"

पाच मिनिटं झाली.

"नाही बाबा, ऊन नाही."

भीमसेनरावांनी भिंतीला हात टेकला. "अजून थांबा. रेस थोडी वाढवा. अत्ता? ऊन आहे की?"

"अहो, ऊन कुठलं? इथे नुसतं धुकं आहे. सूर्याचा पत्ता नाही."

मी हसावं की रडावं! सांगलीकडेही आजी न्हाणीघरातून "पाणी ऊन आहे का गं" म्हणायची, पण कुशलच्या वयाचं कोण तसं म्हणतं? मी फोनवर झेप घेतली. "कुशल, ऊन म्हणजे गरम! वारा गरम येतोय का ते विचारतायत!"

"हो! तो कधीचा येतोय! अहो, काचही साफ होतेय. खालून वर, मस्त साफ होतेय!" मागून नातीचा आवाज आला, चिडलेला, भुकेचा, अगदी धडधाकट. राजसबाई रडायला लागल्या. मलाही हुंदका आवरला नाही, सांगायला लाज कसली.

कुशल आता खुशीत आला होता. "बाबा, तुमच्यामुळे वाचलो. पण मला सांगा, हा उद्योग कुठल्या गाढवाने केला होता? गाडीत लहान मूल असतं याचा काही विचार?"

जननी पलीकडून म्हणाली, "जाऊं दे ना, कोणीतरी केलं असंल." तिच्या आवाजावरून मला कळलं, तिला सगळं ठाऊक आहे. बाप सुटावा म्हणून ती वाट करून देत होती. त्यांनी नुसतं हं म्हटलं असतं तरी विषय मिटला असता.

"मीं केलों," भीमसेनराव म्हणाले. "मीं केलों, कुशलराव. कोणी सांगटलं नव्हतं. माझ्याच मनानं."

बर्लियारला गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग कुशल म्हणाला, "बाबा, मग इतरांच्याही गाड्यांना लावले असतील ना तुम्ही?"

"होय."

"किती?"

"मोजलों नाहीं."

ती तिघं साडेसहाला कुन्नूरला सुखरूप पोचली. तो फोन आल्यावर भीमसेनराव वर माझ्या दाराशी आले. गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअॅपवर त्यांचा एक ग्रुप आहे, चारशेच्या वर माणसं, एरवी त्यात सणांचे शुभेच्छासंदेश. त्यात इंग्रजीत लिहून द्या म्हणाले. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या दुकानाची काळजी वाटली. उद्या चारशे माणसं दारात भांडायला उभी राहतील. म्हणून मी जरा सांभाळून लिहिलं. काही गाड्यांमध्ये हीटरचा पाइप बंद असू शकतो, डोंगरावर जाण्याआधी कृपया तपासून घ्या, दुकानात मोफत पाहून मिळेल.

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या खांद्यावरून, ओठ हलवत, सगळं वाचलं.

"'मे बी' काढा," ते म्हणाले. "आणि वर माझं नांव घाला. भीमसेननं बंद केला म्हणून लिहा."